लिंबाची पाने पुन्हा पुन्हा पिवळी पडतात, फळे गळतात : खत घालण्याआधी करावयाच्या तपासण्या

परसातले लिंबाचे, मोसंबीचे किंवा संत्र्याचे झाड चार-पाच वर्षे जोमाने वाढते आणि मग एखाद्या पालवीपासून त्याची पाने पिवळी पडू लागतात. खत घातले की काही आठवडे बरे वाटते, पुढची पालवी आली की पुन्हा तेच होते, आणि दरम्यान सुपारीएवढी झालेली फळे झाडाखाली पडलेली दिसतात. ही तक्रार मी स्वतःच्या दोन झाडांवर आणि परिचितांच्या परसातील कितीतरी झाडांवर हाताळली आहे. बहुतेक वेळा जमिनीत अन्नद्रव्य असते, पण ते उचलणारी मुळे अडचणीत असतात, किंवा ते अन्नद्रव्य मुळांना घेता येणार नाही अशा रूपात अडकलेले असते. अशा झाडाला आणखी खत दिल्याने दुखणे बरे होत नाही, उलट क्षार वाढून मुळांचा त्रास वाढतो. म्हणून खाली दिलेल्या क्रमात खत जवळजवळ शेवटी येते.

लक्षणे

सर्वांत आधी पिवळे पान फांदीवर कोठे आहे ते पाहावे, कारण निम्मे निदान तेथेच होते. नत्र आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये झाड जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पुरवू शकते, त्यामुळे त्यांची कमतरता खालच्या, जुन्या पानांवर आधी दिसते. लोह, जस्त आणि मँगनीज यांची अशी हलवाहलव फारशी होत नाही, त्यामुळे त्यांची उणीव शेंड्याकडच्या कोवळ्या पानांवर उमटते.

जुने पान सगळीकडे सारखे फिकट पिवळे झाले असेल तर नत्राचा संशय घ्यावा. जुन्या पानाच्या दोन्ही कडा पिवळ्या आणि देठाकडे उलट्या इंग्रजी व्हीसारखा हिरवा त्रिकोण शिल्लक असेल तर मॅग्नेशियम कमी आहे. कोवळे पान पिवळे आणि त्यावर शिरांची बारीक हिरवी जाळी स्पष्ट उठून दिसत असेल तर लोह, आणि शिरांलगत हिरव्या रंगाचा पट्टा जरा रुंद व धूसर असेल तर मँगनीज. पाने लहान व अरुंद, पेरे आखूड, शेंड्याला पानांचा झुबका आणि शिरांच्या मधे पिवळे डाग ही जस्ताची खूण होय. दोन-तीन उणिवा एकत्रही असतात, तेव्हा चित्र इतके स्वच्छ दिसत नाही.

याच्या नेमके उलट, मधली शीर पिवळी आणि बाकीचे पान हिरवे असे दिसले तर अन्नद्रव्यांचा विचार बाजूला ठेवावा. अशा वेळी मूळ कुजलेले असते किंवा खोडाची वा फांदीची साल कोठेतरी दुखावलेली असते. पानाचे फक्त टोक व कडा करपलेल्या असतील तर पाण्यातील किंवा खतातील क्षार जास्त झाले आहेत. आणि पानाच्या मधल्या शिरेच्या दोन बाजूंचे पिवळे डाग एकमेकांशी जुळत नसतील, तर हा लेख सोडून आधी शेवटचा भाग वाचावा.

काही गोष्टी दुखणे नसतात, हेही येथेच सांगणे बरे. लिंबूवर्गीय झाड सदाहरित असले तरी एक पान साधारण एक ते दोन वर्षेच जगते, आणि फुलोऱ्याच्या सुमारास जुनी पाने पिवळी होऊन बरीच गळतात. फुलांपैकी शंभरात एक-दोनच फळापर्यंत पोहोचतात. वाटाण्याएवढी फळे मोठ्या संख्येने गळणे ही झाडाने स्वतः केलेली विरळणी असते. थंडीच्या दिवसांत जमिनीचे तापमान सुमारे 13 अंश सेल्सिअसच्या खाली गेले की मुळांचे काम मंदावते आणि पाने फिकट होतात, ऊब आल्यावर ती आपोआप सुधारतात. गळ होत असूनही नवी पालवी हिरवीगार निघत असेल तर काहीही करू नये.

पहिली तपासणी : वाफसा

या तपासणीला काही खर्च नाही आणि माझ्या पाहण्यातली सर्वाधिक झाडे येथेच सुधारली आहेत. झाडाच्या घेराच्या, म्हणजे फांद्यांच्या विस्ताराच्या, कडेखाली तीन-चार ठिकाणी खुरप्याने 15 सेंटिमीटर खोल माती काढावी आणि मुठीत दाबावी. गोळा होऊन बोटाने सहज फुटला तर वाफसा, म्हणजे बेताची ओल, आहे. पाणी सुटले किंवा गोळा चिकट राहिला तर ओल जास्त आहे, आणि गोळा झालाच नाही तर माती कोरडी आहे. वरची माती कोरडी पण खालची चिखलासारखी, हा प्रकार फार फसवा असतो, म्हणून केवळ पृष्ठभाग पाहून पाणी देऊ नये.

लिंबूवर्गीय झाडांची अन्न घेणारी बारीक मुळे मुख्यतः वरच्या अर्धा-पाऊण मीटर थरात असतात आणि त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीतील पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की ही मुळे गुदमरून मरतात, आणि मग भरपूर ओल असलेल्या जमिनीत उभे असलेले झाड तहानल्यासारखे मान टाकते. ते पाहून मालक आणखी पाणी देतो. ओली माती आणि सुकलेली पाने ही जोडी दिसली की पाणी ताबडतोब थांबवावे.

रोज थोडे पाणी देण्याऐवजी अर्धा मीटर खोलीपर्यंत ओल जाईल इतके एकदाच द्यावे आणि वरची पाच-सात सेंटिमीटर माती सुकेपर्यंत पुन्हा देऊ नये. फळे धरलेली असताना झाडाला प्रदीर्घ ताण देऊन मग एकदम भरपूर पाणी दिले तर फळे गळतात आणि तडकतातही, कारण आतला गर झपाट्याने फुगतो पण सालीला तितके ताणता येत नाही. पाणी मृदू करणाऱ्या घरगुती यंत्रातले पाणी या झाडांना देऊ नये, कारण मिठाच्या साहाय्याने चालणाऱ्या यंत्रात कॅल्शियमच्या जागी सोडियम येते आणि क्षारांच्या बाबतीत ही झाडे नाजूक असतात.

ही दुरुस्ती केल्यावर पुढची पालवी येईपर्यंत थांबावे. दुसरे काही एकाच वेळी करू नये, नाही तर गुण कशाने आला ते कधीच कळत नाही.

दुसरी तपासणी : बुंधा

खोडाशी वाकून बुंध्याभोवतीची माती हाताने बाजूला करावी. डोळा भरलेल्या जागी खोडाला जो सांधा किंवा किंचित बाक दिसतो, तो जमिनीच्या वर किमान 15 सेंटिमीटर असावा. रोप लावताना तो वरच असतो, परंतु दरवर्षी भर घालत, आच्छादन चढवत तो हळूहळू मातीत गाडला जातो. खुंट, म्हणजे ज्यावर डोळा भरतात तो मुळांकडचा भाग, बहुधा मूळकूज सहन करणाऱ्या जातीचा निवडलेला असतो आणि वरची जात तशी नसते, म्हणून सांध्यावरची साल ओल्या मातीला टेकली की फायटोफ्थोरा या जमिनीतील रोगकारकाला थेट वाट मिळते. त्यातून होणाऱ्या रोगाला डिंक्या म्हणतात. साल काळपट होते, उभ्या चिरा पडतात आणि त्यांतून मधाच्या रंगाचा डिंक ओघळतो.

एका परिचितांच्या बारा वर्षांच्या मोसंबीला तीन वर्षे निरनिराळी खते देऊन झाली होती. मी गेलो तेव्हा बुंध्याभोवती वीतभर माती चढलेली होती आणि आळे थेट खोडाला लागून असल्यामुळे प्रत्येक पाण्याच्या वेळी खोड तासभर पाण्यात उभे राहत होते. माती काढली, दुहेरी आळे केले, म्हणजे खोडाभोवती मातीचा एक छोटा उंचवटा करून पाणी त्याच्या बाहेरच्या कड्यात राहील अशी व्यवस्था केली, आणि आच्छादन खोडापासून हातभर दूर सरकवले. त्यानंतरच्या दुसऱ्या पालवीला झाड हिरवे झाले. त्या काळात खत अजिबात दिले नव्हते.

डिंक दिसलाच तर धारदार, स्वच्छ चाकूने सालीचा वरचा थर हलकेच खरवडून पाहावे. आतली साल तपकिरी असेल तेवढाच भाग निरोगी, हिरवट-पांढऱ्या कडेपर्यंत काढावा, जागा काही दिवस उघडी सुकू द्यावी आणि मग बोर्डो मलम लावावे. घरापुरते मलम करायचे तर 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम कळीचा चुना प्लॅस्टिकच्या दोन वेगळ्या भांड्यांत अर्धा-अर्धा लिटर पाण्यात भिजवून, चुना थंड झाल्यावर एकत्र करावेत. लोखंडी भांडे वापरू नये. तयार मिश्रणात लोखंडी सुरी थोडा वेळ बुडवून पाहावी, तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, तो वाढवावा. हातमोजे व चष्मा न घालता हे काम करू नये, कारण विरघळणारा चुना उकळतो आणि उडतो.

तिसरी तपासणी : पानांची मागची बाजू

येथे फार वेळ घालवण्याची गरज नसते. मावा, पिठ्या ढेकूण आणि खवले कीड रस शोषतात, पाने फिकट व चिकट होतात, त्या चिकट द्रवावर काळी काजळी वाढते. झाडावर मुंग्यांची रांग दिसली तर त्या रांगेमागे जावे, ती बहुधा किडीपर्यंतच नेते. मुंग्या त्या गोड द्रवासाठी या किडींचे शत्रूंपासून रक्षण करतात, म्हणून आधी मुंग्या रोखाव्यात: जमिनीला किंवा भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटाव्यात आणि खोडाला कागदी पट्टी गुंडाळून चिकट लेप त्या पट्टीवरच द्यावा, सालीवर नव्हे. नंतर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाने मागून धुवावीत. कोवळ्या पानांवर चंदेरी नागमोडी रेघा ओढणारी नागअळी दिसायला वाईट असली तरी मोठ्या झाडाचे नुकसान फारसे करत नाही. तिच्यासाठी फवारणी मी करत नाही, आणि फुलोऱ्यात तर कोणतेही कीटकनाशक फवारू नये, कारण मधमाश्या त्याच वेळी झाडावर असतात.

याच फेरीत खुंटावरून फुटलेले धुमारेही पाहून घ्यावेत. सांध्याच्या खालून निघालेली फांदी जोमदार व काटेरी असते. काही खुंटांना एका देठावर तीन पर्णिका येतात, तेव्हा ओळख अगदी सोपी जाते. असे फुटवे झाडाचे अन्न घेतात आणि कालांतराने मूळ जातीला दाबून टाकतात. कित्येक ठिकाणी ‘आमच्या झाडाची फळे बदलली’ या तक्रारीचे कारण एवढेच असते. फुटवा कोवळा असतानाच मुळाशी धरून खुडावा.

चौथी तपासणी : निचरा

पाणी बेताने देऊनही माती ओली राहत असेल तर घेराच्या थोडे बाहेर 30 सेंटिमीटर खोल व तितकाच रुंद खड्डा करावा. तो एकदा पाण्याने भरून जिरू द्यावा, मग पुन्हा भरून पातळी मोजावी. तासाला अडीच सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त पाणी उतरले तर निचरा पुरेसा आहे. त्याहून फार कमी उतरत असेल किंवा दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेले असेल तर खाली कडक थर आहे. पहिल्यांदा पाणी भरून सोडून द्यायचे कारण असे की कोरडी माती सुरुवातीला पाणी पटकन पिते आणि निचरा चांगला असल्याचा भास होतो.

झाड लहान असेल तर ते मातीच्या गड्ड्यासकट उचलून उंचवट्यावर लावणे हाच खरा उपाय. मोठ्या झाडासाठी घेराबाहेरून उताराच्या दिशेने चर काढून साचलेले पाणी बाहेर नेता येते. मुळांवर नवी माती टाकून जमीन उंच करू नये, त्याने मुळे आणखी खोल गाडली जातात.

पाचवी तपासणी : चुना आणि सामू

माझ्या पहिल्या झाडाला मी दोन वर्षे लोहाचे सल्फेट दिले. कोवळी पाने हिरव्या जाळीसह पिवळीच निघत राहिली. झाड कुंपणाच्या भिंतीपासून दीड मीटरवर होते, आणि तिथे खणल्यावर बांधकामाच्या वेळी पुरलेला सिमेंट-चुन्याचा राडारोडा सापडला. सिमेंट आणि चुना माती अल्कधर्मी करतात. सामू म्हणजे मातीची आम्लता मोजणारा अंक. तो 6 ते 7 च्या दरम्यान असला की लिंबूवर्गीय झाडांना सर्व अन्नद्रव्ये नीट मिळतात. तो 7.5 च्या वर गेला की लोह, जस्त व मँगनीज मातीत असूनही न विरघळणाऱ्या रूपात अडकतात. मी दिलेले लोहही काही दिवसांत तसेच अडकत होते.

घरच्या घरी अंदाज घेण्यासाठी चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाकावे. फसफसून बुडबुडे आले तर मातीत चुना भरपूर आहे. बुडबुडे आले नाहीत म्हणून सामू कमी आहे असे मात्र समजू नये, त्यासाठी चाचणीपट्टी किंवा प्रयोगशाळेतील माती परीक्षण हवे. चुनखडी फारशी नसेल तर मातीत गंधकाची पूड मिसळल्याने सामू हळूहळू उतरतो, कारण जमिनीतील जिवाणू गंधकाचे आम्लात रूपांतर करतात आणि त्याला काही महिने लागतात. बुडबुडे जोरात येणाऱ्या जमिनीत मात्र गंधकावर पैसे घालवू नयेत. तेवढा चुना निष्प्रभ करण्याइतके गंधक देणे परसात शक्य नसते. तेथे लोह चिलेट रूपात, म्हणजे ते अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूने धरून ठेवलेल्या रूपात, द्यावे, आणि त्यातही ईडीडीएचए हे नाव वेष्टनावर पाहून घ्यावे. स्वस्त मिळणारे ईडीटीए चिलेट अल्कधर्मी मातीत टिकत नाही. लोहाचे चिलेट ओलसर जमिनीत घेराखाली, वेष्टनावरच्या प्रमाणात द्यावे व लगेच पाणी द्यावे.

सहावी तपासणी : अन्नद्रव्ये

वरच्या पाचही गोष्टी जागेवर असतील तरच येथे यावे. पूर्ण वाढलेल्या झाडाला वर्षाला साधारण अर्धा किलो नत्र लागते. युरियात 46 टक्के नत्र असते, म्हणजे हिशेबाने एक किलोहून थोडा जास्त युरिया होतो. शेणखत किंवा कंपोस्ट घातले असेल तर तो तितका कमी करावा, तीन-चार हप्त्यांत विभागावा, आणि खोडाशी न टाकता घेराच्या कडेखाली पसरून पाणी द्यावे, कारण अन्न घेणारी मुळे तेथे असतात.

जस्तासाठी फवारणी उपयोगी पडते. एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम जस्ताचे सल्फेट व अडीच ग्रॅम विरवलेला चुना एकत्र करून गाळावे आणि नवी पाने जवळजवळ पूर्ण आकाराची झाली पण अजून कोवळी आहेत अशा वेळी, उन्हे उतरल्यावर फवारावे. जुन्या पानाची त्वचा जाड झाल्यावर द्रव्य आत फारसे शिरत नाही. मॅग्नेशियमची उणीव मॅग्नेशियम सल्फेट जमिनीतून देऊन भरावी, तिचा परिणाम दिसायला उशीर लागतो. पिवळे झालेले जुने पान पुन्हा पूर्ण हिरवे होईल अशी अपेक्षा धरू नये. उपाय लागू पडला का ते नव्या पालवीवरून ठरवावे.

पाने हिरवी, पण फळ कोरडे किंवा जाड सालीचे

ही वेगळी तक्रार वाटते, पण ती वरच्याच गोष्टींशी जोडलेली आहे. नत्र जास्त झाले की साल जाड व खडबडीत होते, गर कमी राहतो, आणि फार जोमदार तरुण झाडांवरही पहिली काही वर्षे असेच घडते. देठाकडच्या फोडी पांढुरक्या व रसहीन झाल्या असतील तर फळ बहुधा झाडावर गरजेपेक्षा जास्त दिवस राहिले आहे. यासाठी सर्वांत स्वस्त तपासणी म्हणजे दर आठवड्याला एक फळ कापून चाखणे. सालीच्या रंगावर विसंबू नये. रात्री उबदार असतील तर गोड झालेले संत्रेही हिरवे राहू शकते. लिंबूवर्गीय फळ तोडल्यावर आणखी पिकत नाही व गोड होत नाही, म्हणून आंबट फळ आढीत घालून काही साधत नाही. फळ ओढून न तोडता कात्रीने देठाचा लहानसा तुकडा ठेवून कापावे, नाही तर साल फाटते आणि तेथून कूज सुरू होते.

काही संत्र्यांचा, विशेषतः नाभी असलेल्या जातींचा, रस काढताना गोड आणि तासाभराने कडू लागतो. तो झाडाचा रोग नव्हे. गर फुटल्यावर त्यातील एका निरुपद्रवी द्रव्याचे रसात हळूहळू लिमोनिन या कडू द्रव्यात रूपांतर होते. असा रस काढल्याबरोबर प्यावा, किंवा फळे आणखी काही आठवडे झाडावर पिकू द्यावीत, कडूपणा कमी होतो.

येथे थांबावे आणि जाणकाराला बोलवावे

डिंक्याने खोडाचा निम्म्याहून जास्त वेढा व्यापला असेल, घेराखाली उकरल्यावर बारीक मुळांची साल बोटाने ओढताच सुटून येत असेल आणि आत फक्त दोऱ्यासारखी तार उरत असेल, किंवा मोठ्या फांद्या शेंड्याकडून मागे वाळत येत असतील, तर घरगुती उपाय पुरेसे नाहीत. मूळकुजीवरची औषधे नेमकी व योग्य वेळी द्यावी लागतात आणि फळे खाण्यापूर्वी किती दिवस थांबायचे तेही पाळावे लागते. हे काम फळबाग तज्ज्ञावर सोपवावे. सहा तपासण्यांनंतर दोन पालव्या पिवळ्याच निघाल्या तर अंदाजाने नवे खत न आणता माती आणि पाने प्रयोगशाळेत द्यावीत. पानांसाठी फळ नसलेल्या फांद्यांवरची चार ते सहा महिने वयाची पाने घेतात.

आणि ज्या एका रोगात थोडाही विलंब करू नये, तो म्हणजे ग्रीनिंग किंवा हुआंगलाँगबिंग. तो जिवाणूमुळे होतो, सिट्रस सिला नावाचा तीन-चार मिलिमीटरचा कीटक तो पसरवतो आणि रोगट झाडाच्या डोळ्यांपासून केलेल्या कलमांतूनही तो जातो. 2005 मध्ये तो फ्लोरिडात आढळला आणि त्यानंतर तेथील बागांचे उत्पादन कोसळले. लागण झालेले झाड बरे करणारा उपाय नाही. ओळखण्यासाठी पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर पेनाने दोन सारखी वर्तुळे काढावीत. जस्ताच्या उणिवेत दोन्ही वर्तुळांतला रंग जवळपास जुळतो, ग्रीनिंगमध्ये एक हिरवे व दुसरे पिवळे निघते. त्याच्या जोडीला वाकडी, एका बाजूने खुरटलेली फळे, देठाकडे आधी रंग येऊन टोकाला हिरवी राहणारी साल आणि आत काळपट, वांझ बिया असतील तर संशय बळकट होतो. कोवळ्या शेंड्यावर मागचा भाग उचलून तिरका बसलेला बारीक तपकिरी कीटकही शोधावा.

असे दिसल्यास फांदी तोडून कोणाकडे नेऊ नये, कारण तिच्यासोबत कीटकही जातो. पानांची दोन्ही बाजूंनी आणि कापलेल्या फळाची स्पष्ट छायाचित्रे काढून आपल्या भागातील कृषी किंवा वनस्पती संरक्षण यंत्रणेला कळवावे आणि ते सांगतील त्याप्रमाणेच नमुना द्यावा. त्या झाडाचे डोळे किंवा कलमे कोणालाही देऊ नयेत. झाडावरची फळे खाण्यास माणसाला धोका नसतो, परंतु रोग निश्चित झाला तर झाड मुळासकट काढावे लागते, आणि ते काढण्यापूर्वी त्यावरील कीटकांचा बंदोबस्त त्या यंत्रणेकडून करून घ्यावा, नाही तर ते शेजारच्या झाडांवर जाऊन बसतात.